एका घरचा कप्तान, बारा गावचा प्रशिक्षक : जॉर्ज कोस्टाच्या निमित्ताने फुटबॉल प्रशिक्षकाची नोकरी समजून घेताना

५ ऑगस्ट २०२५ रोजी एफसी पोर्तो या पोर्तुगीज क्लबच्या सराव केंद्रात जॉर्ज कोस्टा कोसळला. हृदय बंद पडलं होतं. इस्पितळात नेलं, पण उपयोग झाला नाही. वय अवघं ५३. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत एकच ओळख छापून आली: २००४ साली चॅम्पियन्स लीगचा करंडक उचलणारा पोर्तोचा कप्तान.

मुंबईत मात्र त्याची आणखी एक ओळख होती. २०१८ ते २०२० अशी दोन वर्षं अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात मुंबई सिटीच्या बाकासमोर येरझाऱ्या घालणारा, पंचांवर डाफरणारा, दांडग्या अंगाचा माणूस तो हाच. तेव्हा अनेकांना प्रश्न पडायचा, आणि तो रास्तच होता. युरोपातला सर्वांत मोठा करंडक जिंकलेला माणूस इंडियन सुपर लीगमध्ये काय करतोय? उतरती कळा लागली म्हणून आला का? पैशासाठी? की प्रशिक्षक म्हणून बेताचाच होता?

उत्तर यापैकी कुठलंही एक नाही. ते समजायला फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाची नोकरी चालते कशी, ती मिळते कशी आणि जाते कशी, हे पाहावं लागतं. कोस्टाची कारकीर्द त्यासाठी फार सोयीची आहे, कारण ती मधोमध दुभंगलेली आहे. खेळाडू म्हणून हा माणूस जवळजवळ आयुष्यभर एकाच क्लबात राहिला. प्रशिक्षक म्हणून मात्र सोळा-सतरा वर्षांत त्याने डझनभराहून अधिक संघ पाहिले, आणि एकाही क्लबात त्याला दोन वर्षांच्या फार पुढे जाता आलं नाही.

आधी खेळाडू पाहू.

जन्म १४ ऑक्टोबर १९७१, पोर्तो शहरातला. खेळायची जागा मधल्या बचावपटूची. गोलरक्षकाच्या पुढे दोन माणसं उभी असतात, त्यांतला एक. या जागेवरच्या माणसाचं काम सांगायला सोपं आहे: समोरच्या आघाडीवीराला चेंडू घेऊ द्यायचा नाही, घेतला तर वळू द्यायचं नाही. प्रत्यक्षात त्याहून मोठं काम तोंडाचं असतं. सगळं मैदान त्याच्या समोर असतं, त्यामुळे कोण जागा सोडून भटकलाय, कुणी मागे यायला हवं, हे त्यालाच दिसतं आणि त्यालाच ओरडून सांगावं लागतं. म्हणून अनेक संघांचे कप्तान याच जागेवरचे असतात. कोस्टा वेगवान नव्हता, फार नाजूक कौशल्याचाही नव्हता. पण तो जिथे उभा असे तिथून जाताना आघाडीवीर दोनदा विचार करायचे. पोर्तोत त्याचं टोपणनाव ‘बिशु’ होतं, म्हणजे जनावर. तिथल्या लोकांनी ते लाडाने ठेवलं होतं.

१९९१ साली पोर्तुगालने वीस वर्षांखालचा जागतिक करंडक घरच्या मैदानावर जिंकला. कार्लुश केइरोश यांच्या त्या संघात लुईस फिगो होता, रुई कोस्टा होता आणि मागे जॉर्ज कोस्टा होता. लिस्बनच्या लूझ मैदानावर लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर ब्राझीलला पेनल्टींवर हरवून मिळवलेलं ते विजेतेपद. या पिढीला पोर्तुगालमध्ये सुवर्णपिढी म्हणतात. फिगो आणि रुई कोस्टा परदेशी गेले, श्रीमंत झाले, जगाला माहीत झाले. जॉर्ज घरीच राहिला.

घरी म्हणजे पोर्तोत. त्याआधी दोन मोसम त्याला पेनाफिएल आणि मारितिमू या लहान क्लबांत लोनवर धाडलं होतं. लोनवर, म्हणजे उसना. मालकी मोठ्या क्लबाची, खेळणं लहान क्लबाकडून. मोठ्या क्लबात वीस वर्षांच्या पोराला सामने मिळत नाहीत आणि सामने खेळल्याशिवाय बचावपटू घडत नाही. हा उसनवारीचा व्यवहार लक्षात ठेवा, कारण पुढे प्रशिक्षक झाल्यावर त्याच व्यवहाराने त्याला हात दिला.

१९९२ पासून पुढची जवळजवळ सगळी वर्षं पोर्तोच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. आठ वेळा पोर्तुगालची साखळी जिंकली, त्यांतल्या पाच सलग, १९९५ ते १९९९. क्लबासाठी साडेतीनशेहून कितीतरी अधिक सामने. देशासाठी ५० सामने, युरो २००० मध्ये उपांत्य फेरी. २००२ च्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध त्याच्या अंगाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला आणि पोर्तुगाल २-३ असा हरला. त्या स्पर्धेनंतर त्याने राष्ट्रीय संघ सोडला.

एक प्रकरण टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. नोव्हेंबर १९९६, पोर्तो विरुद्ध एसी मिलान. सामना संपल्यावर बोगद्यात लायबेरियाच्या जॉर्ज वेआने डोकं मारून कोस्टाच्या नाकाचं हाड मोडलं. कोस्टाने आपल्याला वर्णद्वेषी शिवीगाळ केली, असं वेआचं म्हणणं. कोस्टाने ते साफ नाकारलं. साक्षीदार मिळाला नाही. युरोपीय फुटबॉल संघटनेने वेआवर सहा सामन्यांची बंदी घातली आणि त्याच वर्षीचा खिलाडूवृत्तीचा जागतिक पुरस्कारही वेआलाच मिळाला. बोगद्यात नेमकं काय झालं ते त्या दोघांनाच ठाऊक. कोस्टाच्या मृत्युलेखांतून हा परिच्छेद बऱ्याच ठिकाणी गायब होता, म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

आता २००१ सालाकडे येऊ, कारण प्रशिक्षकाच्या नोकरीचा पहिला धडा कोस्टाला तिथे मिळाला, आणि तोही दुसऱ्या बाजूने. ऑक्टाव्हिओ मशादो नावाचे नवे प्रशिक्षक आले होते. एका सामन्यात त्यांनी कप्तानालाच मैदानाबाहेर बोलावलं. कोस्टाने दंडावरची कप्तानाची पट्टी काढून भिरकावली. झालं. काही आठवड्यांत त्याची रवानगी लोनवर इंग्लंडला, चार्लटन अ‍ॅथलेटिककडे. तिथल्या प्रेक्षकांनी त्याला ‘टँक’ म्हणून डोक्यावर घेतलं, पण तो होता हद्दपारच. जानेवारी २००२ मध्ये मशादोंची गच्छंती झाली आणि जोसे मोरिन्यो आले. मोरिन्यो स्वतः खेळाडू म्हणून कुणाच्या लक्षात राहावा असे नव्हते. पण ड्रेसिंग रूममध्ये कुणाचा शब्द चालतो हे त्यांनी ओळखलं. उन्हाळ्यात कोस्टाला परत बोलावलं आणि पट्टी पुन्हा त्याच्या दंडावर आली.

पुढचं सर्वांना माहीत आहे. मे २००३, सेव्हिया, सेल्टिकवर ३-२ असा विजय आणि युएफा कप, म्हणजे चॅम्पियन्स लीगखालोखालची युरोपातली स्पर्धा. मे २००४, गेल्सनकिर्शन, मोनाकोवर ३-० असा विजय आणि चॅम्पियन्स लीग. दोन्ही करंडक कप्तान म्हणून कोस्टाने उचलले. डिसेंबर २००४ मध्ये योकोहामाला आंतरखंडीय कपही आला. मग को आद्रियान्से या डच प्रशिक्षकाच्या योजनेत त्याला जागा उरली नाही, तो बेल्जियमच्या स्टँडर्ड लिएजकडे काही महिने खेळला आणि २००६ च्या उन्हाळ्यात थांबला.

कप्तान चांगला म्हणजे प्रशिक्षक चांगला?

२००४ च्या त्या पोर्तो संघाचा फोटो कुठे मिळाला तर बघा. त्यातले बरेच लोक पुढे प्रशिक्षक झाले. पेद्रो इमॅन्युएलने २०१२ मध्ये आकादेमिका या कोइंब्राच्या संघाला पोर्तुगीज कप जिंकून दिला. कोस्टिन्या अनेक लहान पोर्तुगीज क्लब फिरला. आणि सर्वांत मोठं नाव कुणाचं झालं? नुनो एस्पिरितो सांतोचं. इंग्लंडचे वॉल्व्हज, टॉटेनहॅम, नॉटिंगहॅम फॉरेस्ट. हा नुनो त्या संघात कोण होता? राखीव गोलरक्षक. व्हितोर बाइया खेळायचा आणि नुनो बाकावर बसून बघायचा.

मला यात योगायोगापेक्षा थोडं जास्त दिसतं. मैदानावरच्या कप्तानाची शिदोरी म्हणजे दरारा, आवाज आणि ‘मी पुढे आहे, मागे या’ हा विश्वास. यातलं बाकावरून फारसं चालत नाही. प्रशिक्षकाचं काम आठवडाभराचं असतं: कोणता सराव कोणत्या दिवशी, कुणाला विश्रांती, समोरच्या संघाची कोणती बाजू कच्ची, आणि न खेळवलेल्या पंधरा जणांची समजूत कशी घालायची. प्रत्यक्ष सामन्याची नव्वद मिनिटं सुरू झाली की त्याच्या हातात फार थोडं उरतं. राखीव गोलरक्षक वर्षानुवर्षं नेमकं हेच बघत असतो.

शिवाय परवाना लागतो. युरोपात प्रशिक्षकाच्या परवान्याच्या पायऱ्या आहेत: सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो. देशातल्या वरच्या साखळीत मुख्य प्रशिक्षक म्हणून नाव लावायचं तर प्रो हवा. कितीही करंडक जिंकलेले असोत, वर्गात बसावं लागतं, प्रात्यक्षिकं द्यावी लागतात. पोर्तुगालमध्ये हा नियम किती गंभीरपणे घेतात याचं उदाहरण रुबेन आमोरिम. २०२० साली लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबाने त्याला नेमलं तेव्हा त्याचा प्रो परवाना झालेला नव्हता, म्हणून कागदोपत्री तो सहायक होता आणि प्रशिक्षकांच्या संघटनेने त्यावर तक्रारही केली होती. कोस्टाची सुरुवातही सहायक म्हणूनच झाली. २००६ मध्ये ब्रागा या पोर्तुगीज क्लबाकडे. फेब्रुवारी २००७ मध्ये मुख्य प्रशिक्षक गेले आणि हा वर आला. मोसम संपला तेव्हा ब्रागा चौथा. शरद ऋतूपर्यंत हाच कोस्टा नोकरीबाहेर.

इथपासून पुढची नोकरी म्हणजे मुंबईतला अकरा महिन्यांचा भाडेकरार. घर आवडलं, शेजारी चांगले मिळाले, भाडं वेळेवर दिलं, तरी मालकाच्या मनात आलं की सामान बांधायचं.

असं का होतं? कारण पैशाच्या गणितात आहे. युरोपातल्या बहुतेक देशांत साखळ्या एकावर एक रचलेल्या असतात. पोर्तुगालमध्ये वरच्या साखळीत १८ संघ. तळाचे दोन थेट खालच्या श्रेणीत, आणि तळाकडून तिसऱ्याला खालच्या श्रेणीतल्या तिसऱ्या संघाशी दोन सामने खेळून आपली जागा राखावी लागते. खाली घसरणं म्हणजे रेलिगेशन. ते झालं की दूरचित्रवाणीचे पैसे आटतात, पुरस्कर्ते जातात, चांगले खेळाडू स्वस्तात विकावे लागतात. एका लहान क्लबाला त्यातून सावरायला दहा वर्षं लागू शकतात. त्यामुळे पाच-सहा सामने हरले की मालक घाबरतो. पंचवीस खेळाडू मोसमाच्या मधे बदलता येत नाहीत. त्यांचे करार असतात आणि खरेदी-विक्रीची खिडकी वर्षातून दोनदाच उघडते. बदलता येतो तो एकच माणूस. मग दोष त्याचा असो वा नसो.

म्हणून प्रशिक्षकाची कारकीर्द वाचताना नुसती हकालपट्टी मोजून काही कळत नाही. त्याला संघ कधी मिळाला, उन्हाळ्यात, म्हणजे मोसम सुरू होण्याआधी, की आग लागल्यावर, आणि त्याच्या हातात नेमकं काय दिलं गेलं, हे पाहावं लागतं.

ओल्यांवचा मोसम

पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला अल्गार्व्ह किनारा आहे. तिथे ओल्यांव नावाचं मासेमारीचं गाव. त्यांचा क्लब ओल्यानेन्स. वरच्या श्रेणीतून घसरल्याला तीन दशकं उलटून गेली होती. २००८ च्या उन्हाळ्यात कोस्टा तिथे गेला. पहिल्याच मोसमात दुसरी श्रेणी जिंकली आणि ओल्यानेन्स ३४ वर्षांनी वर आला. मग त्याहून अवघड काम: वर टिकणं. बजेट तुटपुंजं. तेव्हा कोस्टाने घरचा रस्ता धरला. पोर्तोत ज्यांना जागा नव्हती अशी तरुण पोरं, उक्रा, कास्त्रो वगैरे, त्याने लोनवर आणली. पोर्तोला पोरं खेळती राहिली म्हणून बरं, ओल्यानेन्सला न परवडणारे पाय फुकटात किंवा अर्ध्या पगारात मिळाले. वीस वर्षांपूर्वी स्वतः पेनाफिएलला धाडला गेलेला माणूस आता व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला होता. ओल्यानेन्स टिकला.

माझ्या मते प्रशिक्षक म्हणून त्याचं हे सर्वांत चांगलं काम. करंडक म्हणाल तर दुसऱ्या श्रेणीचा, त्याची बातमी पोर्तुगालबाहेर क्वचितच गेली असेल. पण पूर्ण उन्हाळा हाताशी, संघ आपल्या पसंतीचा, मालकाची अपेक्षा जमिनीवरची, अशी स्थिती त्याच्या वाट्याला कारकिर्दीत फार थोड्या वेळा आली. आली तेव्हा त्याने काहीतरी करून दाखवलं.

पुढे आकादेमिका. ऑगस्ट २०१० मध्ये पहिल्याच सामन्यात त्यांनी लिस्बनमध्ये जाऊन गतविजेत्या बेनफिकाला २-१ असं हरवलं. डिसेंबरात मात्र वैयक्तिक कारण देऊन कोस्टाने स्वतःच राजीनामा दिला. मग रोमानियाचा सीएफआर क्लुज. २०११-१२ च्या मोसमात संघ विजेतेपदाच्या शर्यतीत होता आणि एप्रिलमध्ये, शेवटचे काही सामने उरले असताना, त्याला काढलं. नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली क्लुजने साखळी जिंकली. आता सांगा, त्या विजेतेपदात कोस्टाचा वाटा किती? नोंदवहीत शून्य.

हे सगळं वेड्यासारखं वाटत असेल तर गोव्याकडे बघा. ३१ जानेवारी २०२० ला एफसी गोवाने प्रशिक्षक सर्जिओ लोबेराला काढलं, तेव्हा गोवा गुणतक्त्यात सर्वांत वर होता. उरलेले तीन सामने गोव्याच्याच माजी खेळाडूने, क्लिफर्ड मिरांडाने, सांभाळले आणि लीग शिल्ड, म्हणजे साखळीत पहिलं येण्याचा मान, फातोर्ड्याला, गोव्याच्या घरच्या मैदानावर आली. म्हणजे ही काही पूर्व युरोपातल्या मालकांची लहर नाही. असं सगळीकडे होतं.

सायप्रसची दोन वर्षं, मायदेशी पासुश द फेरेराचे काही महिने, यांवर फार थांबत नाही. थांबायला हवं ते गॅबॉनपाशी. २०१४ मध्ये कोस्टा मध्य आफ्रिकेतल्या या देशाचा राष्ट्रीय प्रशिक्षक झाला. क्लबाची नोकरी आणि देशाची नोकरी यांत केवढा फरक! क्लबात खेळाडू रोज समोर असतात. देशाच्या संघाचे खेळाडू वर्षभर विखुरलेले असतात. पियेर-एमेरिक ओबामेयांग तेव्हा जर्मनीत, दुसरा फ्रान्समध्ये, तिसरा गॅबॉनच्या स्थानिक साखळीत. काही महिन्यांनी आठ-दहा दिवसांची खिडकी उघडते, सगळे विमानाने येतात, त्यांतले दोन दिवस थकवा घालवण्यात जातात आणि मग सामना. शिकवायला वेळच नसतो, निवड आणि मनधरणी एवढंच हातात. २०१५ च्या आफ्रिकी राष्ट्र चषकात गॅबॉनने बुर्किना फासोला हरवलं, पुढचे दोन्ही सामने गमावले आणि गटातच बाद झाला. २०१७ ची स्पर्धा गॅबॉनमध्येच व्हायची होती. तिला दोन-तीन महिने उरले असताना कोस्टाला काढून स्पेनच्या कामाचोंना आणलं. घरच्या स्पर्धेतही गॅबॉन गटातच बाद झाला, तीन सामने तीन बरोबरी.

त्यानंतर फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतला तूर. संघ आधीच बुडत होता. मोसमाअखेर खाली गेला.

अंधेरी

आणि मग २०१८ चा उन्हाळा, मुंबई. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. पोर्तुगालची लोकसंख्या साधारण एक कोटी, म्हणजे मुंबईपेक्षाही कमी. व्यावसायिक संघ वरच्या दोन श्रेणींत मिळून छत्तीस. प्रशिक्षक मात्र उदंड. तिथली विद्यापीठं खेळाचं शास्त्र गंभीरपणे शिकवतात. मोरिन्योच्या यशानंतर तर जगभरच्या क्लबांना पोर्तुगीज प्रशिक्षक हवाहवासा वाटू लागला. पुरवठा जास्त, घरात जागा कमी, म्हणून हे लोक ब्राझीलपासून आखातापर्यंत आणि रोमानियापासून भारतापर्यंत सगळीकडे सापडतात. कोस्टा अंधेरीत आला यात नामुष्कीचं काही नव्हतं. त्या व्यवसायात बदलीची गावं अशीच असतात.

भारतातली साखळी तेव्हा वेगळ्या चालीची होती. दहा संघ, प्रत्येकी १८ सामने, पहिले चार उपांत्य फेरीत. रेलिगेशन नाही, म्हणजे तळाला गेलं तरी पुढच्या वर्षी तिथेच. संघात सात परदेशी खेळाडू नोंदवता येत, एका वेळी मैदानात पाच. बाकीचे सहा भारतीय. या नियमामुळे प्रशिक्षकाचा पहिला पेपर खरेदीचाच असायचा. सात परदेशी माणसं चुकली तर वर्ष गेलं.

कोस्टाने काय केलं? ओळखीची माणसं आणली. सेनेगलचा मोदू सुगू आकादेमिकात त्याच्या हाताखाली खेळलेला, क्लुजलाही बरोबर होता. ब्राझीलचा राफाएल बास्तोसही क्लुजचा. पावलो मशादो पोर्तोच्याच अकादमीत घडलेला. बाहेरून बघणाऱ्याला हा वशिला वाटतो. पण दोन महिन्यांत संघ उभा करायचा असेल तर ज्याच्या सवयी ठाऊक आहेत तो खेळाडू सोन्याच्या भावाचा. ज्याला तुमची भाषा, तुमचा राग आणि तुमचा सराव पाठ आहे, तो बाकीच्या वीस जणांना शिकवतो.

पहिले काही आठवडे वाईट गेले. ऑक्टोबरात फातोर्ड्यावर गोव्याने ५-० असं धुतलं. अशा पराभवानंतर पुष्कळ मालकांचा धीर सुटतो. मुंबईचा सुटला नाही, आणि संघ पुढे सलग नऊ सामने हरला नाही. १६ डिसेंबरला अंधेरीत केरला ब्लास्टर्सवर ६-१ असा विजय, त्यांतले चार गोल एकट्या सुगूचे. दोन दिवसांत केरलाने आपले प्रशिक्षक डेव्हिड जेम्स यांना निरोप दिला. एकाची नोकरी पक्की होते तेव्हा दुसऱ्याची जाते, तेही त्याच नव्वद मिनिटांत. मोसम संपला तेव्हा मुंबई ३० गुणांसह तिसरी आणि सुगूच्या नावावर १२ गोल.

उपांत्य फेरीत पुन्हा गोवा. पहिला सामना अंधेरीत. बास्तोसने गोल करून मुंबईला पुढेही नेलं, आणि मग जॅकीचंद, मोर्तादा फॉल दोनदा, कोरो, ब्रँडन फर्नांडिस असे पाच गोल झाले. १-५. परतीचा सामना मुंबईने १-० असा जिंकला, पण तोवर खेळ संपला होता. लोबेराचा गोवा चेंडू पायात ठेवून खेळायचा, कोस्टाची मुंबई मागे दाटीवाटीने उभी राहून संधी मिळताच धावायची. बचावाच्या दोन ओळी एकत्र असेतो हे चालतं. एकदा मागे पडलं आणि पुढे जावं लागलं की मागे मोकळं रान पडतं. त्या रात्री नेमकं तेच झालं. त्या संघाची मर्यादा तीच होती, आणि कोस्टाच्या फुटबॉलचीही असं मला वाटतं.

दुसऱ्या मोसमात, नोव्हेंबर २०१९ मध्ये, मालकीच बदलली. मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे बाकीचा राहिला. प्रशिक्षकासाठी नवा मालक ही बहुधा वाईट बातमी असते, कारण त्याला नेमणारे लोक आता टेबलापलीकडे नसतात. २१ फेब्रुवारी २०२० ला चेन्नईयनविरुद्ध घरचा शेवटचा सामना होता, त्यावर बाद फेरीचं तिकीट अवलंबून होतं. मुंबई ०-१ अशी हरली. गोल कुणी केला? लुसियान गोयानने, जो वर्षापूर्वीपर्यंत मुंबईचाच बचावपटू आणि कप्तान होता. पाचवं स्थान, आणि मार्चमध्ये कोस्टाचा निरोप.

मग मुंबईने कुणाला आणलं? गोव्याने काढलेल्या लोबेराला. आणि लोबेरा आला तो एकटा नाही. फॉल, जाहूह, बुमूस, मंदार राव देसाई हे सगळे गोव्याकडून मागोमाग आले. कोस्टाने सुगू आणि बास्तोसला आणलं तेच हे सूत्र, फक्त मालकाचा खिसा मोठा. २०२०-२१ मध्ये मुंबईने शिल्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. कोविडमुळे तो सगळा मोसम गोव्यातच खेळवला गेला.

कोस्टा पुन्हा युरोपात. पुढच्या वर्षांतले दोन थांबे सांगण्यासारखे. आकादेमिको विसेउ या दुसऱ्या श्रेणीतल्या संघाला त्याने २०२२-२३ च्या मोसमात लीग कपच्या उपांत्य फेरीत नेलं, जिथे समोर पोर्तोच उभा ठाकला आणि ३-० असा जिंकला. मग २०२३ मध्ये एव्हीएस हा नुकताच नाव आणि गाव बदलून उभा राहिलेला क्लब. पुन्हा पूर्ण उन्हाळा हाताशी. संघ दुसऱ्या श्रेणीत तिसरा आला, वर सांगितलेल्या त्या दोन निर्णायक सामन्यांत वरच्या श्रेणीतल्या पोर्तिमोनेन्सला हरवलं आणि वर गेला. ओल्यांवनंतर पंधरा वर्षांनी पुन्हा तेच काम, तसंच.

वरच्या श्रेणीत त्या संघाला खेळवायला मात्र तो थांबला नाही. एप्रिल २०२४ मध्ये पोर्तोत मोठी उलथापालथ झाली होती. १९८२ पासून अध्यक्ष असलेल्या पिंतो द कोस्टांना निवडणुकीत आंद्रे व्हिलास-बोआस यांनी हरवलं. नव्या अध्यक्षांना ड्रेसिंग रूम ओळखणारा माणूस हवा होता. जॉर्ज कोस्टा पोर्तोचा फुटबॉल संचालक झाला.

संचालक हे पद आपल्याकडे फारसं कुणाला कळत नाही, म्हणून थोडक्यात. प्रशिक्षक पुढच्या रविवारचा विचार करतो, संचालक पुढच्या तीन वर्षांचा. कुणाला विकत घ्यायचं, कुणाचा करार वाढवायचा, अकादमीतलं कोणतं पोर वर आणायचं, खेळाडू आणि अध्यक्ष यांच्यात बिनसलं तर मध्ये कुणी पडायचं, ही सगळी त्याची कामं. आणि प्रशिक्षक नेमणं व काढणं यावर अध्यक्षांबरोबर बसून बोलणं, हेसुद्धा.

त्या पहिल्या मोसमात पोर्तोचं काही खरं नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये व्हितोर ब्रुनोंना काढलं. अर्जेंटिनाचे मार्तिन आन्सेल्मी आले. उन्हाळ्यात क्लब विश्वचषकात पोर्तो गटातच बाद झाला आणि आन्सेल्मींनाही निरोप मिळाला, जेमतेम पाच महिन्यांत. जुलैत इटलीचे फ्रान्चेस्को फारिओली रुजू झाले. ब्रागा, क्लुज, गॅबॉन अशा ठिकाणी ज्याला स्वतःला असे निरोप मिळाले होते, तो माणूस आता निरोप देणाऱ्यांच्या बाजूला बसला होता. आणि त्यालाही पंचवीस खेळाडू बदलता येत नव्हते.